दारातला शब्द

सकाळी साडेनऊला ती घरातून चोरासारखी निघायची. चपला हातात, पिशवी काखेत, श्वास छातीतच अडकलेला. सासूबाई तेव्हा नातीला कडेवर घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या असायच्या. "ते बघ कबुतर. ते बघ दुसरं कबुतर." एखाद्या दिवशी कबुतरांनी दगा दिला तर नुसत्याच आभाळाकडे बोट दाखवून "आत्ता येईल हं, येतंच आहे," असं चालायचं. तेवढ्यात ही दाराची कडी अशी काढायची की कडीलाही कळू नये. दोन मजले अनवाणी उतरायचे, मग चपला पायांत. वरून रडण्याचा आवाज आला नाही तर जिंकली. आला तर तो दिवसभर पाठ सोडायचा नाही, बसमध्ये, तालमीच्या हॉलमध्ये, कागदावर.

"सांगून गेलीस तर ती गळ्यात पडते, मग तू रडतेस, मग मी," सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं. "त्यापेक्षा कबुतर बरं."

चौदा महिन्यांच्या त्या मुलीला घरात सगळे खारू म्हणत, कारण हाताला लागेल ते दोन्ही मुठींत धरून ती पुढच्या दोन दातांनी कुरतडायची. आईच्या वहीचे तीन कोपरे खाऊन झाले होते, चौथा बहुधा सणासुदीला राखून ठेवला होता. त्या वहीत एक नवा ऑपेरा होता, गेली दोन वर्षं. त्यातलं पहिलं वर्ष खारू पोटात असताना आरामात गेलं. दुसरं वर्ष गेलं ते वीस वीस मिनिटांच्या तुकड्यांनी: दूध तापेपर्यंत, अंघोळीचं पाणी निवेपर्यंत, ती झोपली आहे की नुसतीच डोळे मिटून पडली आहे हे कळेपर्यंत.

"म्हणजे नाटक?" सासूबाईंनी एकदा विचारलं होतं.

"नाटकच. पण सगळं गाऊन. बोलणं नाहीच."

"सगळं?"

"सगळं."

"म्हणजे मीठ मागायचं तरी गाऊनच?"

"गाऊनच."

"मग जेवण निवायचंच की गं."

गोष्ट साधी होती. एका बाईला मालवाहू जहाजावर स्वयंपाकिणीचं काम मिळतं. दीड वर्षाची मुलगी बहिणीच्या ओटीत घालून ती निघते, एका वर्षाच्या बोलीवर. एका वर्षाची अकरा वर्षं होतात. ती परत येते तेव्हा दार उघडते ती मुलगीच, आणि मुलगी तिला ओळखत नाही. शब्द हिचे, सूर हिच्याच कॉलेजातल्या मित्राचे. त्याला सगळे ठेका म्हणत. त्याची बोटं कधी स्वस्थ नसत, टेबल, गुडघा, दुसऱ्याची पाठ, जे मिळेल त्यावर चालू. खेळ तीन आठवड्यांवर आला होता आणि अख्ख्या ऑपेरातला एक शब्द अडून बसला होता.

*

तालमी एका बंद पडलेल्या व्यायामशाळेत चालत. भिंतीला चढायच्या शिड्या अजून होत्या, छताला दोरांचे हुक होते, आणि कोपऱ्यात एक उभा पियानो, ज्याची एक पट्टी दाबली की दाबलेलीच राहायची. ठेका ती वाजवता वाजवताच करंगळीनं उचलून घ्यायचा. जमिनीवर निळ्या चिकटपट्टीनं त्या बाईचं घर आखलं होतं: चार भिंती, एक खिडकी, एक दार. दिग्दर्शिकेचा कडक नियम होता की पट्टीवरून आरपार कोणी जायचं नाही. जेवणाच्या सुट्टीतसुद्धा माणसं वळसा घालून त्या दारानंच बाहेर पडत. "भिंतीतून आलास!" असं ती ओरडली की सहा फुटी गायकही जीभ चावून मागे फिरे. हातात पेन्सिल, आणि जे जड वाटेल ते खोडायचं. म्हणून तिच्या माघारी तिचं नाव कात्री.

गुरुवारी सकाळी पहिल्या अंकाचा शेवट चालू होता. मुलगी झोपली आहे, बहीण पाठमोरी आहे, बाई दारात उभी आहे. वाद्यं एकेक करून थांबतात. मग तिच्या तोंडी एकच शब्द, सगळ्या ऑपेरातल्या सगळ्यात उंच सुरावर, एका दमात जितका टिकेल तितका: "येते."

बाईचं काम करणाऱ्या गायिका बावन्न वर्षांच्या होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत. त्या दारात उभ्या राहिल्या, श्वास भरला, सुरावर चढल्या आणि मध्येच थांबल्या.

"नाही होत."

"काल झालं होतं की," ठेका पियानोमागून म्हणाला.

"काल झालं म्हणजे काल वाचले. अरे, 'ये' म्हणताना तोंड आडवं होतं माझं. गळ्याचं दार अर्धं लोटल्यासारखं. तू मला चढवतोस त्या माळ्यावर, आणि वर गेल्यावर म्हणतोस अर्ध्या दारातून बाहेर पड. मला 'आ' द्या. 'आ' दिलात तर जेवणाची सुट्टी होईपर्यंत उभी राहते तिथे."

"सूर खाली घ्यायचा का?" दिग्दर्शिकेनं विचारलं.

ठेक्याची बोटं थांबली. असं फार क्वचित व्हायचं. "तो सूर खाली आला तर त्याच्या आधीची आठ मिनिटं खाली येतील. आणि शेवटच्या प्रवेशात मुलगी तोच सूर, तोच शब्द उचलते, तेही गेलं. अठरा वाजवणाऱ्यांचे कागद उद्या दुपारी दोनला छापायला जाताहेत."

"मग शब्द बदला. 'जाते' करा. 'आ' आयताच आहे."

"'जाते' नाही चालणार."

हे ती इतक्या झटकन बोलली की सगळ्यांनी वळून पाहिलं. कोपऱ्यातल्या बाकावर, मांडीवर कुरतडलेली वही घेऊन बसलेली लेखिका तालमीत सहसा तोंड उघडत नसे.

"का नाही चालणार?"

"घरातून निघताना कोणी 'जाते' म्हणतं का, मॅडम? 'येते' म्हणतात. लहानपणी मी एकदा 'जाते' म्हटलं होतं तर आईनं तोंडावर हात ठेवला होता माझ्या."

"पण ही जातेच आहे ना? अकरा वर्षं! बघणाऱ्याला धक्का बसायला हवा."

"तिला कुठे माहीत आहे? तिला वाटतंय वर्षभरानं येणार. बघणाऱ्याला काय कळायचं ते कळू दे, तिच्या तोंडी कशाला घालायचं?"

"मला विचाराल तर," ठेका म्हणाला, "दोन्हीत दोनच अक्षरं, दोन्ही लांब. ये-ते, जा-ते. माझं काही अडत नाही."

"तुझं कधीच काही अडत नाही," ती म्हणाली.

ताई इतका वेळ निळ्या दारातच उभ्या होत्या. त्या तिच्याकडे रोखून बघत होत्या, रागानं नव्हे, माप घेतल्यासारख्या. "ए पोरी, तुझी लेक केवढी?"

"चौदा महिन्यांची."

"आज घरून निघताना तिला काय म्हणालीस?"

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. ती वहीचा खाल्लेला कोपरा बोटांनी सरळ करत राहिली.

"काही नाही," ती शेवटी म्हणाली. "चपला हातात घेऊन निघते. ती कबुतरं बघत असते."

"मग माझ्या बाईलाच का बोलायला लावतेस गं? तिलाही दे चपला हातात, सुटली ती. आणि मीही."

सगळे हसले. तीही हसली, कारण न हसून काय करणार. पण कात्री हसली नाही. तिच्या पेन्सिलीला काहीतरी सापडलं होतं.

"हे वाईट नाही," ती म्हणाली. "शब्दच नको. वाद्यं थांबतात, ती चपला उचलते, जाते. शांतता. पडदा."

"आणि माझा सूर?" ठेका उठूनच उभा राहिला.

"आणि शेवट?" लेखिका म्हणाली. "शेवटी मुलीला काय उरतं मग?"

"शेवटाचं शेवटी बघू. उद्या दोनपर्यंत 'आ' असलेला शब्द आणा, नाहीतर 'जाते', नाहीतर चपला. चला, बहिणीचं गाणं घेऊ. कोण ते, भिंतीतून आलं!"

*

सुट्टीत ताई मोरीपाशी गरम पाण्याचे घोट घेत उभ्या होत्या. ती पेला धुवायला गेली तेव्हा त्यांनी तिला जागा करून दिली, पण स्वतः हलल्या नाहीत.

"लागलं का तुला?"

"नाही."

"लागलं. लागू दे. मलाही लागलंय." त्यांनी घोट घेतला. "तुला वाटत असेल म्हातारी नखरे करते. तीन वर्षांपूर्वी तू मला 'ई' दिली असतीस तरी मी गायली असती, वर तुला हसून दाखवलं असतं. आता रोज सकाळी उठले की आधी तो वरचा सूर बघते. आहे, की गेला. मांजर रात्री परत आली का बघतात ना, तसं. एक दिवस नसणार आहे. या खेळात बहुतेक शेवटचा. तो लोकांनी मोकळा ऐकावा. अर्ध्या दारातून नको."

तिला काहीतरी बोलायचं होतं. पण छाती दाटून आली होती, खरोखरीची, दुधानं. साडेबाराला खारूच्या पिण्याची वेळ होती आणि अंगाला घड्याळ लागतं कुठे. तिनं वही छातीशी धरली.

"पळ," ताई म्हणाल्या. "आणि माझा 'आ' घेऊन ये."

*

घरी पोचल्यावर खारूनं तिला रागावून आधी दोन चापट्या मारल्या आणि मग चिकटली. पिता पिताच झोपली. डावा हात तिच्या डोक्याखाली अडकला. उजवा मोकळा होता, पण वही पलंगाच्या त्या टोकाला. हाताशी होतं ते लसीकरणाचं कार्ड आणि एक पेन. कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं लिहायला घेतलं.

'राहा.' हे पाहुण्याला म्हणतात. 'बाळा.' छे, बाळा म्हटलं की गळे काढल्यासारखं होतं, आणि जी खरोखर निघाली आहे ती असं म्हणत बसत नाही. 'सांभाळा.' तीन अक्षरं, आणि बहिणीला उद्देशून, मुलीला काय? 'थांब हं.' थांबण्यात 'आ' होता. अकरा वर्षं थांब? तिनं तो खोडला, मग परत लिहिला, परत खोडला. 'जागी हो.' हे तर उलटंच. 'माझे आई.' हे तिला एक क्षण आवडलं आणि दुसऱ्या क्षणी स्वतःचीच लाज वाटली.

"चहा ठेवलाय गं," बाहेरून सासूबाई.

"आलेच!"

'पाहा.' 'मागे.' 'ताऱ्या.' कोण ताऱ्या? 'आता.' आता काय? कार्ड उलटवून तिनं पोलिओच्या डोसाखाली एक छोटं दार काढलं. दारात रेघेची बाई काढली. बाईच्या हातात चपला काढल्या. मग त्या चपलांवर इतकं गिरवलं की कार्ड फाटायच्या बेताला आलं. खारू झोपेत हसली, ओठ हलवले, परत शांत झाली. ती तिच्याकडे बघत राहिली. ही पोरगी रोज सकाळी खिडकीतून वळत असेल, तेव्हा नेमकं काय होत असेल? मघाशी होती, आता नाही. जिन्यावर पाऊल नाही, कडीचा आवाज नाही. एखादी वस्तू उचलून नेल्यासारखी आई नाही. दोन वर्षं आपण एका बाईला दारात उभं करून तिच्या तोंडी योग्य शब्द शोधतो आहोत, आणि आपल्या दारात कोणी उभंच राहत नाही.

"अगं चहा!"

"आलेच हो!"

ती गेली तोवर चहावर साय धरली होती. सासूबाईंनी ती बोटानं उचलून बशीच्या कडेला लावली.

"तुझं 'आलेच' म्हणजे," त्या म्हणाल्या, "माणसानं मधे अंघोळ करून यावी."

नवरा कामासाठी पंधरा दिवस परगावी होता. त्याला तिनं फोनवर सगळं सांगितलं. "दोन अक्षरांसाठी एवढं?" तो म्हणाला, आणि लगेच सावरून, "नाही म्हणजे, दोनच आहेत तर सापडतील की." बिचारा.

*

शुक्रवारी सकाळी इमारतीत नळांची दुरुस्ती निघाली. पाणी बंद आणि ठोकाठोकी अशी की खारू दचकून दचकून रडत होती. तिला या आवाजात ठेवून जायचं कसं? सासूबाईंनी प्रश्न सोडवला. त्यांनी चष्मा पुसला, चांगलं लुगडं नेसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही दोघी येतो तुझ्याबरोबर. मलाही बघू दे मीठ कसं मागतात."

म्हणजे त्या दिवशी पहिल्यांदाच चपला दारातच पायांत घातल्या गेल्या, तिघींच्या.

हॉलमध्ये खारूनं दहा मिनिटांत ऑपेराची वाट लावली. आधी पियानोची ती एक पट्टी दाबून ठेवली. मग रांगत घराच्या दाराशी गेली, निळ्या पट्टीचं टोक नखानं उचकटलं आणि दोन्ही मुठींत धरून अख्खं दार ओढून काढलं. तोंडात घालायच्या आत आजीनं धरलं.

"हिनं दारच काढून टाकलं," ठेका म्हणाला. "आता भिंतीतून यायला मोकळीक."

कात्रीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येऊन गेलं असावं, पण तिनं घड्याळ दाखवलं. बारा वाजून गेले होते. "सापडला शब्द?"

"नाही," ती म्हणाली. लसीकरणाचं कार्ड पिशवीतच राहिलं.

"मग आधी 'जाते' ऐकून घेऊ. आई, तुम्ही जरा छोटीला घेऊन बाहेर बसाल?"

सासूबाईंनी खारूला उचललं. ही दारापर्यंत पोचवायला गेली, व्हरांड्यातल्या बाकावर त्यांना बसवलं, खारूच्या हातात चमचा दिला, गालाला गाल लावला, काहीतरी पुटपुटली आणि आत आली. दार लोटलं. पाठीमागे रडणं सुरू झालं.

ताई जिथे दार होतं तिथे उभ्या राहिल्या. वाद्यं नव्हतीच, नुसता पियानो. तो एकेक सूर सोडत थांबत गेला, शेवटचा सूर विझेपर्यंत ठेका मान खाली घालून बसला होता. मग ताईंनी तोंड उघडलं.

"जाऽऽ..."

काय सांगावं. व्यायामशाळेच्या जुन्या काचा झिणझिणल्या. आवाज वर गेला तो गेलाच, कुठे अडकला नाही, कुठे घासला नाही. बावन्न वर्षांची बाई तिथे नव्हती, पंचवीस वर्षांची होती, आणि तिच्या छातीवरचे सगळे दरवाजे सताड उघडे होते. तो सूर खाली उतरून "ते" वर टेकला तेव्हा कोणीच हललं नाही. ताईंनी डोळे उघडले आणि आधी हिच्याकडे पाहिलं. विचारल्यासारखं.

हिला ते आवडलं नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ते सुंदर होतं. आपल्या हट्टापायी या बाईला रोज अर्ध्या दारातून ढकलायचं? कोणासाठी? आईनं लहानपणी तोंडावर हात ठेवला म्हणून? शब्द आपला, पण गळा तर तिचा आहे. शेवटी मुलगीही 'जाते' म्हणेल आणि लोक रडतील आणि कोणाला काही खटकणार नाही. तिनं 'ठेवा' म्हणायला तोंड उघडलं.

त्या शांततेत व्हरांड्यातलं रडणं स्पष्ट ऐकू आलं, आणि रडण्यावरून सासूबाईंचा चढा आवाज.

"अगं गेली नाही, गेली नाही! ऐकलंस ना, काय म्हणाली? 'आलेच' म्हणाली की नाही? तुझ्या आईचं 'आलेच' म्हणजे दिवस मावळतो, पण म्हणाली आहे तर येणार!"

ती तशीच उभी राहिली, तोंड उघडं.

"काय झालं?" कात्रीनं विचारलं.

"थांबा." तिनं हात वर केला. "थांबा, थांबा." मघाशी दारात आपण काय पुटपुटलो? काल चहाला काय ओरडलो? न्हाणीघरात शिरताना, भाजीवाल्यासाठी खाली उतरताना, कपडे वाळत घालायला गच्चीवर जाताना, दिवसातून पन्नास वेळा? नेमकं सकाळी तेवढं म्हणत नाही, कारण सकाळी ते खोटं असतं.

"आलेच," ती म्हणाली.

"कोण आलं?"

"शब्द. 'आलेच.' 'येते' पण नाही, 'जाते' पण नाही. पोर झोपलंय, बाईचा उंबऱ्यातून पाय उचलत नाही, ती म्हणते 'आलेच', कोपऱ्यावर जाऊन येणार असल्यासारखी. अजून गेलेली नाही आणि म्हणते आले!" ती भराभरा बोलत होती, हात हलवत भिंतीतून आरपार हॉलच्या मध्यावर आली होती आणि कोणी तिला अडवलं नाही. "आणि शेवटी, शेवटी बघा ना. मुलगी दार उघडते, समोर अनोळखी बाई. ती म्हणते 'बसा', आणि मावशीला बोलवायला आत वळते. पाहुण्याला काय म्हणतो आपण? 'बसा हं, आलेच.'"

कात्रीची पेन्सिल हवेत होती. ती कुठेच टेकली नाही.

ठेक्याची बोटं पियानोच्या लाकडावर चालू झाली. "आ. लेच. दोनच. बसतंय." त्यानं परत मोजलं. "आणि शेवटी 'च'. तो मी सुरावर ठेवणारच नाही. सूर संपला की नुसता 'च'. कडी लागल्यासारखा."

"उलट," ती म्हणाली. "कडी काढल्यासारखा. हळूच."

"बरं, कडी ठरवा नंतर," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात घाई होती, लहान मुलीसारखी. "माझा 'आ' द्या आधी."

पियानो एकेक सूर सोडत थांबला. ताईंनी श्वास घेतला.

"आऽऽ..."

तोच सूर, तोच माळा, पण आता तो वर जाताना जातच नव्हता. परत येत होता. ज्याला निघायचं आहे आणि जो पोचलेलाही आहे, असा. तो उतरला, "ले" वर थांबला, आणि ताईंनी 'च' इतका हळू ठेवला की तो ऐकू आला की नुसता दिसला, सांगता येईना.

व्हरांड्यातलं रडणं थांबलं होतं.

लोटलेलं दार सरकलं. खालून, गुडघ्यांच्या उंचीवरून, खारू आत आली. चमचा हातात, गाल ओले. ज्या आवाजानं 'आलेच' म्हटलं त्या आवाजाच्या दिशेनं ती तरातरा रांगत गेली, ताईंच्या पायाशी पोचली, त्यांच्या पदराला धरून उभी राहिली आणि वर पाहिलं. आई नव्हती. ती बघतच राहिली, या बाईनं आईचा शब्द कुठून आणला असावा असं. रडली नाही. मग ताईंना चमचा देऊ केला.

"बाई गं," ताई खाली बसत म्हणाल्या, आणि त्यांनी चमचा घेतला.

ही धावली नाही. धावायला हवं होतं. आपण लिहिलेला शेवट असा आपल्याच पोरीनं आधी करून दाखवावा, हे तिनं मागितलं नव्हतं. सासूबाई दारातून आत आल्या, सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि दबक्या आवाजात विचारलं, "मीठ झालं का मागून?"

दोन वाजायला दहा मिनिटं असताना कागद छापायला गेले.

*

सोमवारी सकाळी साडेनऊला सासूबाई सवयीनं खारूला घेऊन खिडकीशी गेल्या. "ते बघ कबु..."

"आई, आज नको कबुतर."

त्या वळल्या. सून दारात उभी होती, पिशवी काखेत, चपला पायांत.

"रडेल हं."

"रडू दे."

ती खारूसमोर वाकली. जिभेवर 'आलेच' आलं होतं, रोजच्या सवयीनं, अगदी दातांपर्यंत. तिनं ते गिळलं. तो शब्द आता त्या दुसऱ्या बाईला दिला होता, आणि पाच तासांसाठी तो खोटाच होता. उरलेला शब्द तिनं घेतला, जो ऑपेरात मावला नव्हता.

"येते हं," ती म्हणाली. "तालमीला जाऊन येते. तू झोपून उठलीस की येते."

खारूनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग चपलांकडे, मग उघड्या दाराकडे. तिला सगळं कळलं. तिनं तोंड उघडलं आणि जो आवाज काढला तो ठेक्यालाही कागदावर धरता आला नसता. आजीच्या कडेवरून ती धनुष्यासारखी मागे वाकली. ही बाहेर पडली, कडी वाजली, मुद्दामच वाजू दिली. पहिला जिना. रडणं चढलं. दुसरा जिना. रडणं भिंतीतून, पायऱ्यांतून, कठड्यातून येत होतं. परत फिरावं. फिरू नये. सांगितलंय ना येते म्हणून, मग आधी जायला तर हवं. डोळ्यांसमोर पायऱ्या हलत होत्या. कठडा धरून ती खाली रस्त्यावर आली आणि चार पावलं चालली.

"अगंऽऽ ए!"

तिनं वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाई ओणवल्या होत्या, काखेत लालबुंद, ओरडणारी खारू. समोरच्या दुकानाचा दुकानदारही वर बघत होता. सासूबाईंनी घसा साफ केला, एकदा इकडे तिकडे पाहिलं, आणि मग, आयुष्यात कधी देवाचंही न गायलेली ती बाई, भर रस्त्यावर गाऊ लागली.

"येऽताऽनाऽऽ मीऽठ आऽऽण!"

कुठल्याच पट्टीत नव्हतं ते. पण शेवटचा 'आ' अगदी मोकळा होता. खारू रडता रडता थांबली, तोंड तसंच उघडं ठेवून, आणि आजीकडे बघू लागली.